असल उत्तर, १९६५ : उसात रुतलेला पॅटन (१/३५ डायोरामा) – सल्ले हवेत

माळावरचा

नमस्कार मंडळी,

१९६५च्या भारत-पाक युद्धात पंजाबातल्या असल उत्तर गावाजवळ झालेल्या लढाईवर १/३५ मापाचा डायोरामा (छोट्या मापातला देखावा) करायला घेतला आहे. किट आलंय, पायाची फळी कापून झालीय, रणगाड्याला मात्र अजून हात लावलेला नाही. हे मुद्दाम. कारण सांगतो, मग तुमचे सल्ले हवेत.

बहुतेक जण आधी रणगाडा जोडतात, रंगवतात, त्याच्यावर महिनाभर चिखल नि गंज चढवत बसतात आणि शेवटी खाली थोडी माती, थोडं गवत चिकटवून मोकळे होतात. असल उत्तरला हे चालायचं नाही. तिथे निकाल जमिनीने लावला. ८ ते १० सप्टेंबरच्या त्या दिवसांत पाकिस्तानची १ आर्मर्ड डिव्हिजन खेमकरणवरून आत घुसत होती. मेजर जनरल गुरबक्षसिंगांची ४ माउंटन डिव्हिजन मागे येऊन असल उत्तर गावाभोवती पाय रोवून बसली. आपल्याकडे डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन रणगाडे, ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन आणि ८ लाइट कॅव्हलरीचे हलके एएमएक्स-१३. समोर पाकिस्तानचे ९० मिमी तोफेचे अमेरिकी पॅटन रणगाडे. पण रानांत (शेतांत) पाणी सोडलेलं होतं आणि ऊस डोक्यावर गेला होता. पॅटन त्यात शिरले आणि त्यांचा वेग गेला, समोरचं दिसेनासं झालं, काही तर पोटावर बसले. आणि आपले रणगाडे उसाच्या आडोशाने नालाच्या आकारात दबा धरून होते, त्यांच्या तोंडी ते आयते आले. भारतीय नोंदींत पाकिस्तानने गमावलेल्या रणगाड्यांचा आकडा ९७ आहे. पकडलेले पॅटन भिखीविंडजवळ रांगेने उभे केले, त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले.

म्हणून माझ्या डायोरामात पहिलं पात्र रान आहे, दुसरं पाणी, तिसरा ऊस, आणि रणगाडा त्यांच्यानंतर.

फळी ३० x २५ सेंमी. एम-४७ पॅटन. या मापात त्याचा सांगाडा साधारण १८ सेंमी लांब, तोफ पुढे धरली तर २४ सेंमीच्या आसपास, म्हणजे फळीवर तिरकाच बसवावा लागेल. प्रसंग लढाई संपल्यानंतरच्या सकाळचा. रणगाडा सोडून दिलेला, झडपा उघड्या, आपले तीन पायदळाचे जवान आणि काळी टोपी घातलेला एक रणगाडादळाचा माणूस त्याच्याजवळ पोचताहेत. हा प्रसंग कुठल्या एका फोटोवरून घेतलेला नाही.

मला अडलंय ते असं : ऊस कशाचा करू? पाणी किती खोल? पंजाबच्या मातीचा रंग नेमका कोणता? आणि माणसं, त्यांबद्दल तर सगळंच.

---

टोरंटोकर

विषय फार आवडला. वाखुसा (वाचनखूण साठवली).

एम-४७च का? पाकिस्तानकडे एम-४७ आणि एम-४८ दोन्ही होते. ड्रॅगन कंपनीचं एम-४८ए१चं किट मिळालं तर बघा. टामियाचं एम-४८ए३ सहज मिळतं पण ते घेऊ नका. तो डिझेल इंजिनाचा नंतरचा अवतार, मागचा इंजिनावरचा भाग वेगळा आहे. १९६५च्या पाकिस्तानी पॅटनसाठी तो चालणार नाही, आणि ती चूक रंगाखाली झाकता येत नाही.

---

माळावरचा

@टोरंटोकर, एम-४७ घेण्याचं कारण पट्टा (चाकांभोवती फिरणारी पोलादी साखळी). एम-४७चा पट्टा सुमारे ५८ सेंमी रुंद, एम-४८चा सुमारे ७१. वजनं एकमेकांच्या जवळपास, मग अरुंद पट्ट्याचा रणगाडा ओल्या रानात जास्त खोल जाणार. मला तेच दाखवायचंय. शिवाय एम-४७चा निमुळता लांबट बुरूज (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) उसाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो. इटालेरीचं जुनं किट घरात होतं, पण आता टाकोमचं घेतलंय, खालच्या भागाचे तपशील त्यात बरेच चांगले आहेत. अर्थात माझ्या कामात तो खालचा भागच चिखलात जाणार आहे!

---

शिरोळकर

माळावरचा, उसाचं माझ्यावर सोडा. आमचं सगळं आयुष्य त्यात गेलंय.

पहिली गोष्ट, सप्टेंबरात तुरा नसतो. इंटरनेटवर ऊस शोधलात की तुऱ्याचे फोटो आधी येतात, त्यांना भुलू नका. सप्टेंबरातला ऊस वाढीला लागलेला असतो, हिरवा गर्द, शेंडा वाऱ्यावर हलणारा. खालची पानं वाळून पाचट झालेलं आणि ते कांडीला धरून लोंबत असतं. म्हणजे तुमच्या उसाला तीन रंग हवेत : खाली वाळकं पिवळट तपकिरी, मध्ये कांडीचा रंग, वर हिरवं.

दुसरी, पान कांडीच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने येतं, एक डावीकडे, पुढचं उजवीकडे. चहूबाजूंनी चिकटवलंत तर मक्याचं पण होणार नाही नि उसाचं पण. पानाच्या मधली शीर पांढरट असते, लांबून बघितलं तरी ती दिसते. आणि पान वर जाऊन कमानीसारखं वाकतं, टोक खाली येतं.

तिसरी, ऊस एकटा उभा नसतो, बेट असतं. एका बेटात पाच-सात-आठ कांड्या, जाडीला सारख्या नाहीत. बेटं सरीने. आता आम्ही चार-साडेचार फुटांची सरी सोडतो, पण उत्तरेत त्या काळी अडीच-तीन फुटांवर लागण असायची. रान दाट दिसलं पाहिजे.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची. रणगाडा उसातून गेला की ऊस काडीसारखा कट्कन मोडत नाही. आधी आडवा होतो, मुळासकट ढिला होतो, मग पट्ट्याखाली चिरडतो. चिरडलेली कांडी उभी फाटते आणि आतला पांढरा गाभा दिसतो. पडलेल्या उसाचे शेंडे गाडी गेली त्या दिशेला असतात. बाजूचा ऊस बाहेरच्या अंगाला कलतो. नुसता पडलेला ऊस बघून कुणालाही कळतं गाडी कुठून आली.

---

माळावरचा

शिरोळकर, शंभर पुस्तकांत हे मिळालं नसतं. पडलेल्या उसाच्या दिशेचा मुद्दा तर सोन्यासारखा आहे. बघणाऱ्याला काही न सांगता रणगाडा कुठून आला ते कळणार.

मापं काढली. अडीच ते तीन मीटर ऊस म्हणजे आपल्या मापात ७ ते साडेआठ सेंमी. अडीच-तीन सेंमी जाडीची कांडी म्हणजे पाऊण-एक मिमी. दोन सरींमधलं अंतर दोन-अडीच सेंमी. पान सव्वा मीटर धरलं तर साडेतीन सेंमी लांब आणि एक-सव्वा मिमी रुंद.

कांडीसाठी तांब्याची तार वापरायचं ठरवलं होतं.

---

शिरोळकर

तार कशाला? खराट्याची काडी घ्या. नारळाच्या हिराची. खाली जाड वर बारीक आपोआप मिळतं, रंगही अर्धा तयार. दर तीन मिमीवर बॉलपेनच्या टोकाने गोल दाब द्या, पेर दिसेल. वाकलेला, पडलेला ऊस करायचा असेल तिथे तार, उभा असेल तिथे हीर.

---

सायली_५४

मी वनस्पतींचीच कामं जास्त करते (जंगलाचे डायोरामे), म्हणून पानांबद्दल लिहिते.

साधा छपाईचा कागद पुरतो. आधी अख्खा कागद दोन्ही बाजूंनी रंगवायचा, अ‍ॅक्रिलिकने, हिरव्याच्या तीन-चार छटा ओल्यातच एकमेकींत मिसळू द्यायच्या. वाळला की त्यावर पट्टीने फिकट पिवळसर रेघा मारायच्या, एक मिमीपेक्षा जरा जास्त अंतराने. मग दोन रेघांच्या मधून कापायचं, म्हणजे प्रत्येक पट्टीच्या मधोमध शीर आली. टोक निमुळतं करा, सुरीच्या पाठीने शिरेवर हलका दाब द्या म्हणजे पान किंचित पन्हाळीसारखं होतं, आणि कात्रीच्या पात्यावरून ओढून बाक द्या. कापून मग रंगवायला गेलात तर कागद लगद्यासारखा होतो.

पाचटासाठी टी-बॅगचा सच्छिद्र कागद, चहातच भिजवून वाळवलेला. रंग लावायचीही गरज नाही.

एक शंका : रणगाड्याच्या चारी बाजूंनी साडेआठ सेंमीचा ऊस उभा केला तर रणगाडा दिसणार कसा? त्याची स्वतःचीच उंची तेवढी असेल.

---

माळावरचा

सायली, बरोबर पकडलंत. त्यासाठीच रणगाडा तिरका घेतोय. फळीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात ऊस पूर्ण उभा. रणगाडा तिथून आलेला, मागे त्याने पाडलेली वाट. उजवीकडे पुढे रान उघडं, म्हणजे बांध आणि पाण्याचा पाट, ऊस नाही. बघणारा बांधावर उभा राहून बघतोय असं समजा. डाव्या कडेला ऊस फळीच्या काठावर सरळ कापलेला ठेवणार, मातीच्या थरांसकट. शेताचा तुकडा कापून आणल्यासारखं दिसेल.

---

चिलखती

मी रणगाडा दलातून निवृत्त झालो, सध्या नगरला असतो (आता अहिल्यानगर). १९६५ माझ्या आधीचं. पण रुतलेले रणगाडे भरपूर पाहिलेत आणि काढलेतही, म्हणून दोन शब्द.

रुतलेला रणगाडा सरळ खाली जात नाही. तो कुठल्यातरी एका बाजूला किंवा शेपटीकडे जास्त बसतो. चालक आधी पुढे जोर लावतो, मग मागे, मग वळवून बघतो. वळवताना बाहेरचा पट्टा मातीचा मोठा लोट बाजूला ढकलतो. मग पट्टे जागच्या जागी फिरत राहतात आणि खड्डा करतात, शेवटी पोट जमिनीला टेकतं. एकदा पोट टेकलं की पट्टे नुसते फिरतात, वजन त्यांच्यावर राहिलेलंच नसतं. म्हणून पट्ट्यामागे उडालेल्या चिखलाचा पंखा दिसला पाहिजे, चाकांच्या मधल्या पोकळ्या चिखलाने बुजलेल्या, आणि पट्ट्याचा वरचा भाग मात्र तुलनेने धुतल्यासारखा. सगळीकडे सारखा चिखल थापला की ते खोटं दिसतं.

एम-४७ला शेवटच्या चाकाच्या आणि मागच्या दातेरी चाकाच्या मध्ये एक छोटं ताणचाक असतं. तिथे ऊस नि पाचट हमखास अडकणार. ते दाखवा.

गंज कमी ठेवा. दोन-तीन दिवसांत पट्ट्यांच्या उघड्या पोलादावर नारिंगी झाक येते, तेवढीच. अंगावरचा रंग शाबूत असतो.

आणि संग्रहालयातला रंग प्रमाण मानू नका. आमच्या इथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पॅटन समोरून बघायला मिळतो, आकार, जोड, झडपांची जाडी हे सगळं तिथे अभ्यासा. पण बाहेर उभ्या असलेल्या रणगाड्यांना वर्षानुवर्षं पुन्हा रंग दिला जातो. ते अमेरिकी मदतीतून आलेले रणगाडे, ऑलिव्ह ड्रॅब (मळकट तपकिरी हिरवा) धरून चला आणि त्यावर उन्हाने, धुळीने आलेला फिकेपणा द्या.

---

माळावरचा

चिलखती साहेब, मनापासून आभार. आता बैठक अशी ठरवतोय : निळ्या फोमचा पाया, त्यावर प्लास्टर आणि कागदाचा लगदा. ओलं असताना रणगाड्याच्या खालच्या भागाला स्वयंपाकघरातली पातळ फिल्म गुंडाळून तो तिरका दाबायचा, शेपूट जास्त खाली. उचलला की बरोबर त्याच्या मापाचा खड्डा तयार. मग रणगाडा वेगळा रंगवून परत त्याच खड्ड्यात. रणगाडा मातीवर ठेवलेला दिसू नये, मातीत दिसावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

---

नवशिका_१९

दादा, मी कॉलेजात आहे, पहिलंच मॉडेल करतोय (१/७२चा शर्मन). पांढऱ्या थर्माकोलवर केलं तर चालेल का? निळा फोम आमच्याकडे मिळत नाही. आणि माती कुठली वापरता?

---

सायली_५४

@नवशिका_१९, चालेल, पण थर्माकोलवर थिनर, स्प्रेचा रंग किंवा झटपट चिकटणारा गोंद थेट लावू नकोस, तो विरघळतो. आधी प्लास्टरचा किंवा फेव्हिकॉल-कागदाचा थर दे, मग वर काहीही कर.

माती खरीच वापर. तव्यावर भाजून घे म्हणजे बुरशी नि किडे जातात, मग चहाच्या गाळणीतून गाळ. तुझ्या १/७२ला तर मैद्याच्या चाळणीतून. फेव्हिकॉलमध्ये निम्मं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, मग माती ते नीट शोषून घेते.

---

माळावरचा

मातीवरून माझा प्रश्न राहिलाच. माझ्याकडे आपली काळी आहे आणि कोकणातून आणलेली तांबडी आहे.

---

चिलखती

दोन्ही नकोत. पंजाबात माझी बरीच वर्षं गेली. तिथली माती नद्यांनी आणून टाकलेला गाळ, बारीक, फिकट भुरकट, खाकीच्या जवळची. वाळली की पिठासारखी उडते, भिजली की गडद तपकिरी आणि निसरडी. आपल्या काळ्या रानासारख्या भेगा तिथे पडत नाहीत आणि दगडगोटे तर जवळजवळ नसतातच. बांधावर खडे टाकू नका.

कोरडी जागा आणि ओली जागा यांच्या रंगात चांगला फरक ठेवा. बांधाचा माथा फिका, खाली उतरताना गडद होत जाणारा.

---

टोरंटोकर

पाण्याबद्दल. इपॉक्सी रेझिन वापरणार असाल तर एका वेळी दोन-तीन मिमीपेक्षा जाड थर ओतू नका, तापतं आणि पिवळं पडतं. प्रत्येक थर किमान २४ तास वाळू द्या. बुडबुडे वर आले की लायटरची ज्योत अंतरावरून फिरवायची, पण तुमच्या कागदी पानांपासून लांब!

शेतातलं पाणी पारदर्शक करू नका. खालच्या थरात मातीच्या रंगाची पूड मिसळा, गढूळ झालं पाहिजे. शेवटचा पातळ थर तेवढा स्वच्छ.

आणि एक गोष्ट जी मोठमोठ्या प्रदर्शनांतल्या कामांतही चुकलेली दिसते : पाण्याची पातळी सगळीकडे एकच असते. सरीत, पट्ट्याच्या चाकोरीत, रणगाड्याच्या पोटाशी, सगळीकडे. रणगाडा तिरका असला तरी पाणी आडवंच राहणार. त्यामुळे ओतायच्या आधी गवंड्याची पाणपट्टी ठेवून फळी सपाट करून घ्या. तिरक्या रणगाड्याच्या एका बाजूचं चाक पाण्यात निम्मं बुडालेलं आणि दुसऱ्या बाजूचं कोरडं, हे दिसलं की बघणाऱ्याला तो कल आपोआप जाणवतो.

---

शिरोळकर

+१. आणि पाण्यात उभ्या उसाच्या बुडख्याला चिखलाची रेघ द्या, आत्ताच्या पातळीच्या बोटभर वर. पाणी थोडं ओसरलं की ती राहतेच. पाण्यावर पाचटाचे तुकडे तरंगू देत, वारा वाहतो त्या एका कडेला गोळा झालेले.

---

इतिहासाची_पानं

वाचते आहे आणि फार आनंद होतो आहे. एक गोष्ट इथे यायलाच हवी. डेक्कन हॉर्सचे तेव्हाचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अरुण श्रीधर वैद्य, आपले अलिबागचे. असल उत्तरसाठी त्यांना महावीरचक्र मिळालं. १९७१ला शकरगड भागात १६ आर्मर्ड ब्रिगेड घेऊन भूसुरुंगांच्या पट्ट्यांतून त्यांनी बसंतर नदी गाठली आणि दुसऱ्यांदा महावीरचक्राचे मानकरी झाले. १९८३ला लष्करप्रमुख. १० ऑगस्ट १९८६ला पुण्यात त्यांची हत्या झाली. ३ कॅव्हलरीचे लेफ्टनंट कर्नल सलीम कॅलेब यांनाही याच लढाईसाठी महावीरचक्र आहे.

माळावरचा, तुमचा तो काळ्या टोपीतला माणूस वैद्य साहेब का नसावेत? मराठी माणसाने केलेल्या डायोरामात ते असायला हवेत असं मला अगदी आतून वाटतं.

---

माळावरचा

तुमची भावना समजते, माझ्याही मनात हे आलं होतं. डेक्कन हॉर्स हा विषय घेण्यामागे वैद्य साहेबांचं नाव हे मोठं कारण आहे.

पण मी त्या माणसाला त्यांचं नाव देणार नाही. ते त्या सकाळी अशा एका पॅटनजवळ असे चालत आले होते, याचा फोटो किंवा नोंद माझ्यापुढे नाही. खऱ्या माणसाचं नाव दिलं की तो कुठे उभा होता, खांद्यावर काय होतं, चेहरा कसा होता, ही सगळी विधानं होतात, आणि ती माझ्या मनची असतील. प्रदर्शनात शाळेतली मुलं येतात, ती पाटी वाचून खरं धरून चालतात. पाटीवर लढाईची माहिती देईन तिथे वैद्य आणि कॅलेब या दोघांची नावं ठळक असतील. तो माणूस डेक्कन हॉर्सचा एक सवार (साधा शिपाई) राहील.

---

चिलखती

योग्य निर्णय. आणि सवारच ठेवा. रेजिमेंट त्याच्यामुळे चालते.

---

टोरंटोकर

अब्दुल हमीद मात्र हवेत असं मला वाटतं. १०६ मिमीची रिकॉइललेस (मागे धक्का न देणारी) रणगाडाविरोधी तोफ आणि जीप.

---

माळावरचा

त्यांच्यावर स्वतंत्र डायोरामा करायचाय. ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, १० सप्टेंबरला वीरगती, परमवीरचक्र. त्यांना माझ्या या फळीच्या कोपऱ्यात बसवणं मला पटत नाही.

---

चिलखती

तो करताना एक लक्षात ठेवा. रिकॉइललेस तोफेचा मागचा झोत फार मोठा असतो. धूळ, पाचट, पानं, सगळं मागे उडतं, आणि जागा शत्रूला कळते. म्हणून एक गोळा टाकायचा नि जागा बदलायची. जीपच्या मागचं रान होरपळून झोपलेलं दिसायला हवं आणि चालकाचा हात गिअरवर. जीपही तेव्हाचीच शोधा, जोंगा ही लष्करी गाडी नंतरची आहे.

---

वाचनवेडी

मी मॉडेल करत नाही, पण धागा सुरुवातीपासून वाचतेय. एक विचारू का? त्या रणगाड्यातली माणसं कुठे आहेत? मृतदेह दाखवणार का? मला स्वतःला ते बघवणार नाही, पण युद्ध दाखवायचं नि मरण वगळायचं हेही बरोबर वाटत नाही.

---

माळावरचा

फार महत्त्वाचा प्रश्न. मी यावर बराच विचार केला.

मृतदेह नसेल. हा रणगाडा माणसांनी सोडून दिलेला आहे, या लढाईत असे कितीतरी होते. पण ती माणसं होती हे दिसेल. एम-४७मध्ये पाच जण असायचे. बुरुजावरच्या दोन आणि पुढच्या दोन्ही झडपा उघड्या, पुढच्या झडपेच्या काठावर चिखलाच्या हातांचे ठसे, पट्ट्यावरच्या पत्र्यावर एक पाण्याची बाटली, आणि उसात शिरणारी पावलांची रांग. पाच माणसांची पावलं. ती कुठे गेली हे डायोरामा सांगणार नाही.

---

वाचनवेडी

धन्यवाद. हे मला पटलं.

---

सायली_५४

आता माणसांवर या. १/३५मध्ये १९६५च्या भारतीय जवानांचा तयार संच माझ्या पाहण्यात नाही. तुम्ही काय करताय?

---

माळावरचा

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश पायदळाचे संच घेऊन बदलतोय. आपल्या जवानांच्या अंगावरचे पट्टे, पिशव्या तेव्हा बऱ्याच अंशी त्याच ब्रिटिश घडणीचे होते, हातात बहुतेकांच्या .३०३ रायफल. पसरट काठाचं पोलादी हेल्मेटही चालतं, त्यावर जाळी हवी. जाळीसाठी जखमेवर बांधायच्या पट्टीचा तुकडा फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून. गणवेश मात्र जाड लोकरीचा दिसतो, तो घासून सुती करावा लागतो. सुरीने जाड घड्या खरवडायच्या, बारीक घड्या नव्या कोरायच्या. रंग ऑलिव्ह ग्रीन, घामाने पाठीवर नि काखेत गडद.

एका जवानाला पगडी देतोय. ती एम-सीलने. लाटून कागदासारखी पातळ पट्टी करायची, टाल्कम पावडर लावली की चिकटत नाही, आणि खऱ्या पगडीसारखीच एकेक फेरा गुंडाळायची. एकदम गोळा लावून वर रेघा मारल्या तर फेट्याची वीण कपाळावर जुळत नाही.

---

चिलखती

उभं राहण्याबद्दल सांगतो. शत्रूच्या सोडलेल्या रणगाड्याजवळ कुणी हात कमरेवर ठेवून जात नाही. आत कुणी असेल, दारूगोळा असेल, काही लावून ठेवलं असेल. पुढचा माणूस मागच्या कोपऱ्याकडून येईल, तोफेच्या नि मशीनगनच्या तोंडासमोरून कधीच नाही. बंदूक खांद्याला, गुडघे वाकलेले. दुसरा त्याला आडोसा देत थांबलेला, नजर झडपांवर. तिसऱ्याचं तोंड उलट दिशेला हवं, उसाकडे, कारण पळालेले तिथे असू शकतात. तुमचा सवार मात्र रणगाड्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. तो चाकं बघेल, पट्टा बघेल, किती बसलाय ते बघेल. आपल्यापेक्षा भारी रणगाडा असा बसलेला त्याने पहिल्यांदा जवळून पाहिला असेल. त्याला बांधावर उभा करा, थोडा वाकलेला, नजर पट्ट्याच्या तळाशी.

---

शिरोळकर

आणि बाह्या खाली! उसाच्या पानाला करवतीसारखी धार असते, उसातून आलेला माणूस बाह्या दुमडून येत नाही. हातांवर, गालावर बारीक लाल ओरखडे द्या. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि बुटांत तो इतका चिकटतो की पाऊल दुप्पट दिसतं.

---

माळावरचा

साहेब, शिरोळकर, माणसांची मांडणी आता अशीच होईल. उसाकडे तोंड करून उभा असलेला तिसरा जवान मला सुचलाच नसता. त्याच्या नजरेसमोर ती पाच माणसांच्या पावलांची रांग उसात शिरताना दिसेल, म्हणजे वाचनवेडींच्या प्रश्नाकडे फळीवरचा एक माणूस बघत असेल.

कामाचा क्रम असा धरतोय : आधी प्लास्टर आणि रणगाड्याचा खड्डा, मग माती, मग रणगाडा जोडून, रंगवून खड्ड्यात पक्का. त्यानंतर उभा ऊस मागून पुढे, पडलेला ऊस शेवटी. मग पाणी. माणसं पाण्यानंतर, पण त्यांच्या पायांच्या जागी आधीच बारीक भोकं पाडून तारा रोवून ठेवणार, नाहीतर वाळलेल्या रेझिनमध्ये भोक पाडताना तडे जातात.

---

टोरंटोकर

क्रम चांगला आहे, फक्त एक बदल सुचवतो. पाण्यात पाय असलेल्या माणसांचे पाय रेझिन ओतायच्या आधी बसवा, निदान घोट्यापर्यंत. नंतर वरून ठेवलेला माणूस पाण्यावर उभा आहे असंच दिसतं. पाय गुडघ्यात कापून खालचा भाग आधी, वरचा नंतर जोडता येईल. सांधा पँटच्या घडीत लपतो.

---

माळावरचा

घेतलं. बांधावरच्या सवाराला याची गरज नाही, बाकी तिघांना तसंच करतो.

पावसाळी हवेत रेझिन धुरकट होतं, म्हणून पाणी ओतण्याचं काम हवा कोरडी झाल्यावर. तोपर्यंत उसाची लागण चालू. पहिली दोन बेटं उभी राहिली की फोटो टाकतो. शिरोळकर, ती पास केलीत तरच पुढचं रान लावीन.

---

शिरोळकर

टाका फोटो. पाचट नीट दिसेल असा जवळून काढा.